ठाकूर मॅडमचं नाक

ठाकूर मॅडम पेशंटला टेबलावर घेण्याआधी त्याचा उजवा हात उचलून नाकाशी नेत आणि हुंगत. पेणला इंटर्नशिप करताना मी ते पहिल्यांदा पाहिलं आणि मला किळस आली. त्या भूलतज्ज्ञ, मी सर्जरीची स्वप्नं बघणारी खांब गावची पोरगी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय व्हायचंय?" मी म्हटलं, "सर्जन." "व्हय, हो की. कापायला कुणालाही येतं," असं सगळ्या स्टाफसमोर म्हणून त्या पुढं निघाल्या.

तेव्हापासून आमचं कधी जमलं नाही. खोटं कशाला बोलू, ही बाई मला डोळ्यांसमोर नको असायची. माझ्या नोंदी वाचून कागद माझ्याकडंच भिरकावायच्या. चहाला सगळ्यांना हाक मारायच्या, मला सोडून. तिथले सर्जनसाहेब मात्र मला टाके घालू द्यायचे, वर शाबासकी द्यायचे. विषय निवडायचा तो असल्या माणसाकडं बघून, हे माझं ठरून गेलं होतं.

मग धरमतरकडचे, मिठागरावर काम करणारे एक पाटीलकाका हर्नियाच्या ऑपरेशनला आले. सकाळी काही खाल्लंय का, असं मी विचारलं. "पोटात पाण्याचा थेंब नाय," काका म्हणाले. मी 'उपाशी' लिहून सही ठोकली. मॅडमनी हात हुंगला आणि बाहेर बसलेल्या काकूंना आत बोलावलं.

"काय दिलंस गो यांना?"

"काय नाय. गावदेवीचा शिरा तेवढा, वाटीभर. प्रसादानं कुठं उपास मोडतो?"

काकू लबाडी करत नव्हत्या. आमच्या भागात प्रसाद खाण्यात धरतच नाहीत. मला हे लहानपणापासून ठाऊक, पण विचारायचं सुचलं नाही. मॅडमनी ऑपरेशन रद्द केलं. सर्जनसाहेब तणतणले, काकू रडायला लागल्या. मॅडमनी माझा कागद सगळ्यांना वाचून दाखवला आणि माझ्याकडं वळल्या. "भरल्या पोटी भूल दिली असती, तर हा शिरा वर येऊन फुप्फुसात गेला असता. मग काकूला काय सांगितलं असतंस तू? आता बस इथं, यांचं पोट रिकामं होईस्तोवर."

मी स्टूल ओढून बसले. हे ऐकून घाबरलेल्या काकांना तासाभरात उलटी झाली. शिरा अगदी ओळखू येत होता. ऑपरेशन रद्द झालं नसतं, तर त्या वेळी ते टेबलावर बेशुद्ध असते. मी सगळं पुसून घेतलं. उपकारबिपकार काही वाटले नाहीत. रागच आला, कारण बाईचं बरोबर होतं.

पुढं पदव्युत्तर प्रवेशासाठी विषयांची पसंती भरताना मी सर्जरीच्या वर भूलशास्त्र टाकलं. सर्जनसाहेब माझ्याशी बोलेनासे झाले. प्रवेश मिळाल्यावर मी पेढे घेऊन मॅडमकडं गेले, तर त्यांनी दारातच अडवलं. "माझ्यावर उपकार म्हणून घेतलं असशील तर सोड. भूल देणारा सगळ्यांना आवडायला लागला ना, की समजायचं, तो विचारायचा बंद झाला." पेढ्यांचा पुडा घेतला आणि दार लावलं.

गेल्या वर्षी त्या रोह्याला, मी काम करते त्या दवाखान्यात आल्या. पित्ताशयात खडे होते. भूल मीच देणार होते. "रात्रीपासून उपाशी हाय," म्हणाल्या. मी त्यांचा उजवा हात नाकाशी नेला. तुपाचा वास आला. त्यांनी हात हिसकावून घेतला. "रद्द करायचं नाय. मला शिकवतेस?"

मी रद्द लिहिलं. त्यांनी स्टाफसमोर माझा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. सगळे गेल्यावर भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "वहिनीनं प्रसाद हातावर ठेवला. मला नाय म्हणता आलं नाय. घाबरले होते गो."

मला त्यांची दया आली नाही, आणि त्यांना ती चाललीही नसती. मी स्टूल ओढून बसले.

"जा इथून. तुझं तोंड नको मला."

"पोट रिकामं होईस्तोवर बसणार," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत मी तिथंच बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना टेबलावर घेतलं. मी काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच उजवा हात पुढं केला.

"नीट हुंग," म्हणाल्या.