डबीतला संत
विझलेल्या मेणबत्तीचा वास आला की मला वडूजमधली ती पितळी डबी आठवते. महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मी साताऱ्याच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होते. इटलीहून परतलेल्या एका जखमी जवानानं मला सांगितलं, की तिकडच्या एका म्हातारीनं त्याला एका संताच्या हाडाचा तुकडा डबीत घालून दिला होता, ती डबी खिशात होती म्हणूनच गोळी अडली, आणि आता ती वडूजला घरी आईजवळ आहे. चमत्काराचा पुरावा, आणि तोही बसनं जाण्याइतका जवळ! रजा काढून मी सर्व्हिस मोटार गाठली. त्याच्या आईनं फडताळातून डबी काढून माझ्या हातात दिली. झाकणाला गोळीचा पोचा होता, आत मेणबत्तीचा वास होता, हाड मात्र नव्हतं. “हाड कुठाय?” मी ओरडलेच. “आवं शिस्टरबाई, माणसाची अस्थी अशी घरात ठिवत्यात व्हय? माहुलीला संगमावर सोडली, पिंड बी ठिवला.” माझा पुरावा कृष्णेतून वाहून गेला होता, मला रडूच फुटलं. तिनं माझा हात घट्ट धरला. “पर लय मोठा संत असणार बगा! कावळा लगीच शिवला!” आता मी तिच्याच वयाची झाले आहे, आणि चर्चमध्ये पुराव्यांवरून वाद पेटला की मला आधी तो कावळा आठवतो.