कोमलचं सुंदर अक्षर आणि साळवेबाई

श्रीमती रत्नमाला साळवे यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीनिमित्त लिहायला बसले, आणि सर्वांत आधी आठवला तो आमचा वाद. पाथर्डीकडच्या वस्तीशाळेत मी नव्याने रुजू झाले होते. माझ्या तिसरीच्या वर्गात कोमल नावाची मुलगी होती, अक्षर मोत्यासारखं. फळ्यावरचा रोजचा सुविचार कागदावर बघून तीच लिहायची. मी कौतुकाने आमच्या शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षिका साळवेबाईंना दाखवायला बोलावलं. बाई फळ्याऐवजी तिच्या हाताकडेच बघत राहिल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, ही आधी अख्खी रेघ ओढते आणि मग तिला अक्षरं टांगते. हिला वाचता येत नाही."

मला रागच आला. मी वाद घालू लागले. बाईंनी सरळ कोमलसमोरचा कागद उचलला. तिचा खडू अर्ध्या अक्षरावर थांबला.

दंगेखोर पोरं कुणालाही दिसतात. शहाण्यासारखी गप्प बसलेली बाईंना दिसायची. 'कच्चं पोर' या शब्दाची तर त्यांना भयंकर चीड. कुणी तो उच्चारला की त्या विचारायच्या, "कुणी कच्चं ठेवलं?"

दिवाळीनंतर कोमलचे आईवडील ऊसतोडीला निघणार होते. बाईंनी आईला खरं ते सांगितलं आणि भलतंच झालं.

"दोन वर्सं शाळंत जाऊनबी वाचता येत न्हाई, मग हितं ठिवून काय करू? संगं नेते. बारकं तरी सांभाळील."

कोमल त्या ट्रकमध्ये चढली असती, तर पुन्हा शाळेत आलीच नसती. बाईंनी दारातच बैठक मारली. "आमी शिकवलं न्हाई, त्याची शिक्षा तिला का गं? आजीपाशी ठेव. तू येशील तवर वाचून दाखवील. न्हाई वाचलं, तर मी तुझ्या दारात पुन्हा तोंड दाखवनार न्हाई."

आईने तिला ठेवलं. मग बाई हात धुऊन मागे लागल्या. आजीच्या शेळ्यांच्या नावांपासून सुरुवात केली. सुंदर लिहायला चक्क बंदी! आधी वाचायचं, नटवायचं नंतर. नाताळच्या दिवशी चर्चमधून निघून त्या करंज्या आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आजीच्या घरी गेल्या. आज धडा नाही म्हणाल्या, आणि बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव वाचल्याशिवाय तिला करंजीला हात लावू दिला नाही. असा हा प्रेमळ छळ! मी तो डोळ्यांनी पाहिला आणि शिकवणं म्हणजे काय ते तिथे शिकले.

उन्हाळ्याच्या तोंडाला आई परतली आणि बाळाला काखेत घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिली. कोमल वाचू लागली. जोडाक्षरापाशी थांबली, मागे आली, पुन्हा लागली. आईचा चेहरा उतरला.

"अजून अडखळतीया की, बाई."

"व्हय, अडखळती," बाई म्हणाल्या. "वाचतीया म्हनून अडखळती. आधी नुसतं बघून उतरवायची, तवा कवा अडखळली हुती का?"

आईने बाळ दुसऱ्या काखेत घेतलं. मग म्हणाली, "फुडल्या साली बी ऱ्हाऊ द्या हितंच."

निवृत्त झाल्या तरी बाई अजून शाळेत येतात आणि फरशीवर पोरांशेजारी बसतात. परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो, आणि मुख्य म्हणजे त्यांचे गुडघे धडधाकट ठेवो. वर्गात हुशार दिसणारी आणि आतून घाबरलेली पोरं अजून पुष्कळ आहेत. बाई, साठी झाली म्हणून आम्ही तुम्हाला सोडणार नाही.