वहिनींच्या वतीने

माझा आवाज चांगला आहे हे मला फार लवकर कळलं, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. शाळेत प्रार्थना मीच सांगायचो. पुढे मास्तर झालो, तेव्हा येवला तालुक्यात कुठंही सत्कार, सेवापूर्ती किंवा उद्घाटन असलं की सूत्रसंचालनाला मला बोलावणं यायचं. पाहुणे उशिरा येणार असले तर हमखास मीच लागायचो, कारण तासभर माणसं खुर्चीत धरून ठेवणं मला जमायचं. लोक म्हणायचे, सर बोलायला लागले की डोळ्यांतून पाणी येतं. मला ते ऐकायला फार आवडायचं. या आवाजानं मी माझ्या वहिनींचं आयुष्य बंद करून टाकलं, हे मात्र आजवर कुणी मला म्हटलेलं नाही.

माझा भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, फौजेत होता. लग्न झालं आणि चौदा महिन्यांत तो गेला. सीमेवरची त्यांची चौकी बर्फाखाली आली, चार जणांची प्रेतंच हाती लागली, त्यांत तो. लग्नानंतरच्या त्याच्या सगळ्या सुट्ट्या मोजल्या तर नवराबायको साठ दिवससुद्धा एकत्र राहिले नव्हते. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात आली तेव्हा आजूबाजूच्या वाड्यावस्त्या लोटल्या होत्या, झाडांवर माणसं चढली होती. वहिनींचं वय तेव्हा तेवीस. मूलबाळ नव्हतं.

वडील आधीच गेलेले. घरात आई, मी आणि वहिनी. माझं लग्न व्हायचं होतं. आई शाळेची पायरी न चढलेली बाई, पण डोकं लखलखीत. सहा-सात महिने गेले तशी ती एक दिवस मला म्हणाली, "पोरीचं वय काय हाय रं? आपला गेला, त्याला इलाज नाय. हिला कशापायी जितेपणी गाडून ठेवायची?" वहिनींच्या माहेरचे लोक मनमाडकडचे. त्यांनी एक स्थळ आणलं. मुलगा तिथंच रेल्वेत सिग्नलच्या खात्यात कामाला, पहिली बायको आजारपणात वारलेली. तो एकदा घरी येऊन गेला. फारसा बोलला नाही. चहा घेतला, आणि जाताना उठून स्वतःचा कप मोरीत नेऊन विसळून पालथा घातला. आमच्या घरात आजवर एकाही पुरुषानं कप उचललेला नव्हता. मीही नाही.

संध्याकाळी वहिनींनी आईला सांगितलं, "मला चालंल." आईनं मला हे हसत हसत सांगितलं. म्हणाली, कपावर भाळली पोरगी. त्यानंतर काही दिवस वहिनींच्या चालण्याबोलण्यात थोडा जीव आला होता. दाराशी कोथिंबीर लावली होती त्यांनी. वर्षश्राद्ध झालं की साधेपणानं उरकून टाकायचं असं ठरलं. हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणजे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं असं म्हणायची सोय नाही.

वर्ष झालं. गावानं शाळेच्या पटांगणात कृतज्ञता सोहळा ठेवला. मांडव, व्यासपीठ, फुलांच्या माळा घातलेला भावाचा मोठा फोटो. माजी सैनिकांची एक ओळ पुढे बसवलेली, छातीवर पदकं. आई आणि वहिनी व्यासपीठावर, पाठीला लाल कापड लावलेल्या खुर्च्यांवर. सूत्रसंचालन कोण करणार हा प्रश्नच नव्हता. दिवंगताच्या सख्ख्या भावाचा असला आवाज, म्हणजे कार्यक्रम भरून पावला.

प्रमुख पाहुणे नाशिकहून येणार होते. अकराची वेळ होती, साडेबारा वाजले तरी गाडीचा पत्ता नव्हता. ऊन चढलं, पोरं चुळबुळायला लागली, मागच्या बायका उठायच्या बेतात आल्या. सरपंचांनी मला डोळ्यांनी खुणावलं, किल्ला लढवा. मी लढवला. भावाचं लहानपण सांगितलं, विहिरीतलं पोहणं सांगितलं, शेवटचं पत्र सांगितलं. शेवटचं पत्र असं काही नव्हतं, फोन होता, पण पत्र चांगलं वाटतं. मांडव चिडीचूप झाला. पदर डोळ्यांना लागले. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या जवानानं टोपी काढून मांडीवर ठेवली. एवढी माणसं माझ्या मुठीत आहेत हे मला कळत होतं, आणि ती सुटू नयेत असं वाटत होतं. जवळचं सगळं सांगून संपलं होतं. माझी नजर वहिनींवर गेली.

मी म्हणालो, "आणि ही माझी वहिनी! वहिनींच्या वतीने मी आज आपल्या सगळ्यांसमोर सांगतो, की ज्या उंबऱ्यातून ती वीराची पत्नी म्हणून आत आली, त्या उंबऱ्यातून ती वीरपत्नी म्हणूनच शेवटचं बाहेर पडेल. हे कपाळ दुसऱ्या कुणाच्या नावाचं होणार नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मांडव उभा राहिला. घोषणा सुरू झाल्या, आणि त्याच गदारोळात पाहुण्यांची गाडी आली. सरपंचांनी त्यांच्या कानात सांगितलं, त्यांनी त्यावरच दहा मिनिटं भाषण केलं आणि शेवटी वाकून वहिनींच्या पायांना हात लावला. त्यांच्यामागे रांग लागली. साठीची माणसं चोवीस वर्षांच्या मुलीच्या पाया पडत होती. वहिनी पाय मागे घेत होत्या, खुर्चीखाली. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी उरलेला कार्यक्रम तिच्याकडे पाठ करून केला.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसकट आलं. आठवड्याच्या आत मनमाडहून निरोप आला. रागाचा नव्हता, उलट फार आदराचा होता. एवढ्या मोठ्या बाईला मागणी घालायची आमची पायरी नाही, आमच्याकडून अजाणता चूक झाली, माफ करावं. वहिनींच्या भावानं तो निरोप अंगणात उभ्याउभ्या सांगितला आणि तो पाणीसुद्धा न घेता निघून गेला.

आई मला म्हणाली, "उठ, मनमाडची गाडी धर. जाऊन सांग त्यांना, मी झेंडूच्या फुलांना भुलून बोललो, तिनं आसं काय बी म्हन्लं नव्हतं." मी हो म्हणालो. त्या रविवारी शाळेचं काम निघालं. पुढच्या रविवारी ताप आला, खराच आला होता, पण जाता आलं नसतं इतका नव्हता. खरी गोष्ट अशी, की मला जायचं नव्हतं. अख्ख्या तालुक्यासमोर बोललेलं वाक्य खोटं होतं हे मी कुठल्या तोंडानं सांगणार होतो? शिवाय हेही सांगून टाकतो: हुतात्म्याचा भाऊ आणि असल्या बाईचा दीर म्हणून लोक मला एसटीत जागा द्यायला लागले होते. मला ते गोड लागत होतं. तीन महिन्यांनी कळलं, मनमाडच्या त्या माणसाचं लग्न झालं. आई त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायची, आणि गेली तीही तशीच.

वहिनींनी रोजची कामं चालू ठेवली. रडल्या असतील तर मला दिसल्या नाहीत. गावात त्यांना फार मान होता. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला व्यासपीठावर पहिली खुर्ची त्यांची. आणि संक्रांतीला त्याच गल्लीत घरोघर हळदीकुंकू व्हायचं तेव्हा त्यांना एकही बोलावणं नसायचं. पाया पडणाऱ्या बायकाच वाण द्यायला निघाल्या की आमचं दार सोडून पुढे जायच्या. नवीन लग्न झालेल्या मुली त्यांच्या समोरून जाताना डोक्यावर पदर घेऊन हात जोडायच्या आणि भराभर चालायच्या.

पुढे माझं लग्न झालं, नाशिकला बदली झाली. आई गेल्यावर वहिनीही आमच्याकडेच आल्या. पंचवटीत आमचा दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, त्यातली मागची खोली त्यांची. माझ्या मुलांना त्यांनीच वाढवलं. मुलं आता शिकायला बाहेर आहेत. वहिनी रोज सकाळी भाजीबाजारात जातात, तेवढंच त्यांचं बाहेर. वर्षातून आठ-दहा वेळा कुणीतरी गाडी पाठवतं. शाळा, मंडळ, पतसंस्था. शाल, श्रीफळ, मोबाइलवर फोटो, परत घरी. शाली इतक्या झाल्या की आमच्या बायकोनं त्यांची सोफ्याची कव्हरं शिवली. वहिनी म्हणाल्या, बरं झालं, टेरिकॉटच्या आहेत, धुवायला सोप्या.

भावाच्या पलटणीतले एक जण दरवर्षी भेटायला येतात. आमच्याकडे फौजेतून आलेल्या कुणालाही मेजर म्हणतात, तसे हेही मेजर, निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. त्यांना एक कान पूर्ण आणि दुसरा अर्धा गेलेला आहे. इथंच एका बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे असतात. स्वातंत्र्यदिनी बँक त्यांना गुलाबाचं फूल देते, बाकी वर्षभर लोक त्यांना पेन मागतात. ते आले की शाल आणत नाहीत. गळका नळ बघतात, गॅसची नळी बदलतात, वहिनींच्या हातचं पिठलं खातात आणि जातात. भावाबद्दल ते फारसं बोलत नाहीत. आमच्या घरात त्याची आठवण खऱ्या अर्थानं कुणी ठेवली असेल तर या माणसानं, असं मला वाटतं.

यंदा मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेलो. रिक्षा मिळेना. ते मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसे म्हणाले, "सर, एक सांगू का? तुमचा भाऊ चौकीवर नेहमी म्हणायचा, माझं काही बरंवाईट झालं तर हिला बसवून ठेवू नका, हिचं दुसरं लग्न लावा. माझ्याकडून वचन घेतलं होतं त्यानं. मला सुट्टी मिळून मी गावी यायच्या आधीच कळलं, वहिनींनी भर सभेत शपथ घेतली म्हणून. मग मी कोण बोलणारा? पण सर, सलाम आहे त्या बाईला. त्यानं मोकळं केलं होतं, तरी ती बसली." आणि त्यांनी आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे बघून खरोखरच सलाम केला. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघायला लागली.

त्यांच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन खरं काय ते ओरडून सांगायला पाहिजे होतं. रिक्षा आली. मी त्यांची पिशवी आत ठेवली.

वर आलो तेव्हा वहिनी खाली बसून मेथी निवडत होत्या. केस बरेच पिकलेत आता. मी समोर बसलो आणि मेजर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. माझा आवाज मलाच बारीक वाटत होता.

त्यांचे हात थांबले नाहीत. म्हणाल्या, "मला म्हायती हाय. शेवटच्या सुट्टीवरून निघताना मलाबी तसंच म्हन्ले होते. मी भांडले होते त्यांच्याशी, आसलं अशुभ का बोलता म्हणून."

"मग वहिनी, त्या दिवशी तुम्ही तिथंच का नाही बोललात?"

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "कुठं बोलायचं, भाऊजी? माइक तुमच्याकडं होता."

मग माझा बांध फुटला. मी रडलो, त्यांच्या पायांकडे वाकलो. म्हणालो, वहिनी, मला माफ करा, मी तुमचं वाटोळं केलं. त्यांनी पाय मागे घेतले, जसे वीस वर्षांपूर्वी घेतले होते तसेच, झटक्यानं, आणि त्या पहिल्यांदाच माझ्यावर चिडल्या.

"नका मागू माफी," त्या म्हणाल्या. "आता मी माफ करायचं, मग तुम्ही लोकांत सांगणार, वहिनीचं मन किती मोठं. मला नाय व्हायचं आता आणखी मोठं. लय वीट आलाय त्याचा."

मेथीच्या काड्या कागदात गुंडाळून त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.  थोड्या वेळानं दाराशी जाऊन म्हणालो, "बरं वहिनी. नाही मागत." त्यांनी मान डोलावली. आयुष्यात बोललेलं एवढं एकच वाक्य मला परत घेता आलं.