काठाखालचं अक्षर

त्या सकाळी बाबा कामाच्या शर्टाऐवजी लग्नकार्याचा पांढरा शर्ट घालून बसले होते. मुंबईच्या एका नाण्यांच्या व्यापाऱ्याने फोटो पाहून "घेऊन या, बघतो" म्हटलं होतं, तेही आजच, कारण उद्या तो गावी जाणार होता. बाबा बोईसरला तयार कपडे धुऊन सुकवणाऱ्या कारखान्यात कंत्राटी कामगार. तापामुळे त्यांचे बरेच खाडे आधीच झाले होते. आणखी एक झाला तर गेटपास काढून घेईन, असं कंत्राटदाराने सगळ्यांसमोर बजावलं होतं. आमच्या घरात दुसरी कमाई नव्हती.

नाणं पिवळं, पाच रुपयांचं. सुकवणीच्या मोठ्या ड्रमची जाळी साफ करताना बाबांना सापडलेलं. नेहमीच्या पाचापेक्षा जरा लहान आणि काठ जाड, करंजीला मुरड घालावी तसा आत वळलेला. टांकसाळीत चुकलेलं नाणं लाखाला जातं, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं.

घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून तपासायचं माझ्याकडे आलं. मी वाणिज्य शाखेची, मला नाण्यांचं काय कळणार? पण वाचनालयात एक पुस्तक मिळालं. त्यात लिहिलं होतं की टांकसाळीत आधी कोऱ्या चकतीचा काठ उचलतात, मग एका दाबात ठसा उमटतो. ठसा सरकला तर अक्षर अर्धवट उमटतं. उरलेला भाग तिथे नसतोच. नंतर मार बसला तर अक्षर असतं, फक्त दबलेलं किंवा झाकलेलं.

आदल्या संध्याकाळी बल्बच्या उजेडात मला काही ठरवता आलं नव्हतं. आता अंगणात ऊन आलं होतं. मी शिवणाची सुई घेतली आणि 'भारत'मधल्या 'भा'पाशी वळलेल्या काठाखाली हळूच सरकवली. टोक अडलं. तिरकं धरून पाहिलं, तर अर्धा 'भा' आत, काठाच्या खाली होता. काठ अक्षरावर चढला होता.

मी सुई बाहेर काढली आणि पुन्हा एकदा घालून पाहिली.

"काय झाला, बाय? बोल ना," बाबा म्हणाले.

"काय नाय... मला वाटतं... म्हणजे, मी चुकत पण असेन."

"अगं, मग सांग की! गाडीची वेळ होते."

आई दारातून म्हणाली, "लाखाचे मालक, डबा घेताय का मुंबईत हॉटेलात जेवणार?"

बाबा हसले नाहीत.

तेवढ्यात रस्त्यावर रिक्षा थांबली. कारखान्याची माणसं रोज तिनेच जात. त्यातून शेजारचे काका ओरडले, "शेट! येताय का आज, का आमी निघू?"

"थांब रे जरा!" बाबा ओरडले आणि माझ्याकडे पाहत राहिले.

मी सुई त्यांच्या हातात दिली. "बाबा, हे टांकसाळीत नाय झालं. अक्षर आधी उमटलं, काठ नंतर वळला. तुम्ही सुई लावून बघा. कुठेतरी खूप वेळ आपटत राहिलंय ते." पुढचं मी नाण्याकडे बघत म्हणाले. "तुमच्या ड्रममध्येच."

त्यांनी सुई लावली. पुन्हा लावली. मग अंगठा काठावरून गोल फिरवला. फार सावकाश.

"कोणाच्या तरी खिशातून पडला असणार," ते म्हणाले. "ड्रम फिरतो, नाणा आपटतो, काठ आत बसतो. आमचे शर्टांचे बटण पण असेच होतात." मग एकदम, "तुला खात्री हाय?"

खोटी खात्री मला देता येत नाही. "पुस्तक वाचून जेवढी होते तेवढी हाय."

बाहेर हॉर्न वाजला. काका म्हणाले, "शेट, आमचा पण खाडा लावताय का?"

बाबांनी नाणं उंबऱ्यावर ठेवलं. पांढरा शर्ट बदलला नाही. आईच्या हातून डबा ओढून घेतला आणि चप्पल अर्धवट घालून धावले. रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा पाळीची वेळ जवळजवळ झालीच होती. उशिरा आलेल्याला कंत्राटदार गेटवरूनच परत पाठवायचा.

मी कॉलेजला गेले नाही. आत जाताना कामगारांचे मोबाइल बंद करून गेटवर ठेवून घेतात. म्हणजे परत पाठवलं असतं, तर त्यांचा फोन चालू असता. आई भांडी घासत होती आणि पुन्हा पुन्हा माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहत होती. शेवटी मला राहवलं नाही. मी नंबर लावला.

बंद होता.

"बंद हाय. आत घेतलं त्यांना," मी म्हणाले. आई तिथेच, ओल्या हातांनी, खाली बसली.