अंगठा माझा, कासरा साडभाऊचा

आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची गोष्ट. घाटंजीजवळ माझी सासुरवाडी. तिथल्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, सासऱ्याची बैलजोडी दरसाल मीच हाकायचो. पळत्या छकड्यावर अनवाणी उभं राहायचं, अंगठ्यांनी लाकूड धरायचं. माझ्यासारखा धुरकरी त्या भागात दुसरा नव्हता. हे मी आजही म्हणतो.

पटाच्या आठ दिवस आधी उजवा अंगठा मुळाशी लालबुंद सुजला. धोतराचा काठ लागला तरी जीव जाई. मी ठरवलं, काटा मोडला. बैल लंगडला की डागतात, तसा लोहाराकडून अंगठा डागून घेतला. मग तर पाय टेकेनाच.

सासऱ्यानं कासरा साडभाऊला, म्हणजे माझ्या धाकट्या साळीच्या नवऱ्याला दिला. जोडी पहिली आली. बैलांना चाल मी लावलेली, सरकी मी चारलेली, अन् गुलाल त्याच्या डोक्यावर. मी पटाच्या कडेला टाकलेल्या बाजेवरून पाहत होतो.

तसाच गुलालानं माखलेला तो माझ्याजवळ येऊन बसला.

"भाऊ, काटा नोहे हा. मलेही तीन वर्षांपासून हेच आहे. डॉक्टर म्हणते, रक्तात खार वाढते अन् सांध्यात जाऊन बसते. डागू नका. कलेजी सोडा, मोहाची दारू सोडा, पाणी पेत जा."

"तू सोडली?"

"सोडली. म्हणून त आज उभा आहो."

"मंग मले कायले शिकवून राह्यला? जा, आरत्या करून घे."

त्याचं पहिलं येणं मी पचवलं असतं. पण माझंच दुखणं अंगात ठेवून त्यानं छकडा हाकला, हे पचेना.

यवतमाळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् वर साडभाऊचेच शब्द ऐकवले. मग मी हट्टाला पेटलो. त्यानं कलेजी सोडली, मी मटणच सोडलं. तो एक तांब्या पाणी प्यायला की मी दोन. लग्नाच्या पंगतीत त्याच्या समोर बसून, तो पाहतो ना याची खात्री करून, रश्शाची वाटी परत पाठवायचो. वर्षभरात अंगठा एकदाच ठणकला, तोही दोन दिवस.

पुढच्या पटाला मी सासऱ्यापुढं दोन्ही पायांवर उभा राहिलो.

"जावईबापू, बैल आता त्याच्या आवाजाले लागले," सासरा म्हणाला.

मी "बरं" म्हटलं. जोड्या सुटायच्या जागी जाऊन उभा राहिलो. सगळे बैलांकडे पाहत होते. मी साडभाऊच्या अंगठ्याकडे पाहत होतो, थोडा तरी सुजला आहे का म्हणून. सुजला नव्हता.