फोटोवाल्याचा उजेड

मंगरूळपीरचा फोटोवाला नवरदेवाच्या मामालाही "घाम पूस" म्हणून दटावी. फौजदार म्हणे, चळवळीच्या मिरवणुकीवर लाठी उचललीच नाही! आम्हा चळवळीतल्या पोरांना पुरावा हवा होता, म्हणून मी फोटोवाल्याला गळ घातली.

"भासन कायले देतं, पोट्ट्या? तिन्हीसांजेले पळती लाठी फिल्मवर निस्ता धूर दिसते. उजेडाची भुकटी पेटवा लागते."

"मग पेटवा ना, चाचा!"

"मंग मीबी दिसतो."

पुढच्या मिरवणुकीवर अंधारतानाच लाठ्या पडल्या आणि फोटोवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर लख्ख उजेड झाला. पोलीस तिकडे वळले. कॅमेरा माझ्या हाती कोंबून तो ओरडला, "पळ!"

त्या मारात त्याचे दोन्ही डोळे गेले. काल, पत्रकात छापण्याआधी, मी फोटो त्याच्या हातात दिला. कागद चाचपत त्यानं विचारलं, "लाठी साफ आली?"

"आली, चाचा."

"फौजदाराचं थोबाड?"

"तेही."

"मंग छाप."