उपवासाच्या दिवशीची गोळी

ताई मंगळवारी वारली. तिचे दिवस झाले आणि पुढच्या आठवड्यात मी न्यूझीलंडला निघाले. तिकीट आधीच काढलेलं होतं. मिरजेच्या एस.टी. स्टँडवर बाबा गाडीच्या खिडकीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "तिकडे कुणी विचारलं तर न्यूमोनिया सांग."

इथे कुणी विचारलंच नाही. मी शिकले, फार्मसिस्ट झाले, हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुनात घर घेतलं. मुलगी इथेच जन्मली. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते. पण ताईच्या जाण्याचं खरं कारण मनातून हललं नाही. भावजींना एचआयव्ही होता. ते दोघांच्याही घरात सगळ्यांना कळलं, ताईला सर्वांत शेवटी. तोवर तिलाही लागण झाली होती. त्यांची सेवा करून ती त्यांच्यामागून गेली. एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी तेव्हा नव्हती. असती, तरी एका लग्न झालेल्या बाईने ती मागायची कुठे आणि कुणाकडे, हा प्रश्न उरलाच असता.

आता गोळी आहे. माझ्या मागच्या फळीवर असते. प्रेप म्हणतात तिला. पण आमच्याकडून ती नेणारे जवळजवळ सगळे पुरुष, आणि बहुतेक गोरे. भिंतीवरच्या पोस्टरवरही दोन हसरे तरुण. रोज सकाळी दुकान उघडताना ते पोस्टर दिसे आणि मला एका जागी उभं राहवत नसे. उगाच फळ्या पुसत बसे.

गेल्या हिवाळ्यात मनीषा आली. हे मी तिला विचारून लिहिते आहे, नाव तेवढं बदललं आहे. ती मुलांच्या डे-केअरमध्ये काम करते. दुकानात आणखी एक मराठी बाई होत्या. त्या बाहेर पडेपर्यंत मनीषा व्हिटॅमिनच्या बाटल्या उलटसुलट करून बघत राहिली. मग काउंटरशी आली आणि पोस्टरकडे न बघता म्हणाली, "ताई, ती गोळी बायकांना चालते का हो?"

कुणी मला ताई म्हटलं की अजूनही माझ्या आत काहीतरी हलतं. मी तिला आतल्या खोलीत नेलं.

नवरा ऑस्ट्रेलियात खाणीवर, महिना-दीड महिन्याने घरी येणारा. त्याच्या फोनवर तिने जे पाहायचं ते पाहिलं होतं. टेस्ट करून घे म्हटलं की चिडतो, काळजी घे म्हटलं की जास्त चिडतो. तिचा व्हिसा त्याच्या नावावर.

"सोडून दे म्हणू नका," ती म्हणाली. "ते माझं मी बघेन. आधी धडधाकट राहते."

डॉक्टरांकडे ती जाऊन आली होती. डॉक्टर चांगले होते. त्यांनी विचारलं, स्टेबल रिलेशनशिप आहे का? "मी म्हटलं, चौदा वर्षं झाली लग्नाला. ते म्हणाले, मग तुला याची गरज नाही. मी थँक यू म्हणून आले." ती स्वतःशीच हसली. "थँक यू कशाबद्दल म्हटलं, देव जाणे."

पुन्हा जा, मी म्हटलं, आणि त्यांनी न विचारलेलं तू सांग. नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत, तो काळजी घेत नाही, मला प्रेप हवी आहे. आम्ही खोलीत त्याची तालीम केली. मराठीत तिला पहिलं वाक्य पुरं करता येईना. इंग्रजीत एका दमात म्हणाली. "इंग्रजीत म्हटलं की दुसऱ्याच कुणाच्या नवऱ्याबद्दल बोलल्यासारखं वाटतं."

तेव्हा मी तिला ताईबद्दल सांगितलं. खरं कारण. बाबांना जाऊन काही वर्षं झाली आहेत, तरी बोलताना मी दाराकडे पाहिलं.

या वेळी डॉक्टरांनी नीट ऐकलं. रक्त तपासलं, किडनी पाहिली, टेस्ट निगेटिव्ह. गोळ्या सुरू झाल्या. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र ऑगस्टच्या धुक्यात रोज फेऱ्या मारत होते.

दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या न्यायला ती आली, तेव्हा मी सहज विचारलं, "रोज घेतेस ना?"

"अगदी रोज. उपवास सोडून."

इथे कडाक्याची थंडी, पण पंचांगात श्रावण. तिचा सोमवार, शुक्रवार, मध्येच संकष्टी. मळमळू नये म्हणून गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायची असं तिला क्लिनिकच्या नर्सने सांगितलं होतं, आणि उपवासाला जेवण नाही म्हणून गोळी नाही. सांगणारीला श्रावण माहीत नव्हता. बायकांच्या बाबतीत ही गोळी फार चुकवून चालत नाही. आणि नवरा शनिवारी येणार होता.

मी तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, आजपासून रोज, आणि आठवडाभर सलग गोळ्या पोटात जाईपर्यंत तिने नवऱ्यापासून जपायला हवं.

"रिकाम्या पोटी चालते," मी सांगितलं. "नाहीतर साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घे."

"उपवास मोडत नाही ना?"

"औषधाने नाही मोडत. आणि मोडला तर माझ्या नावावर घाल."

तिने गोळ्या बॅगेत ठेवल्या. मग तिच्या चेहऱ्यावर एक खट्याळपणा आला, जो मी आधी पाहिला नव्हता. "ताई, मी त्याला सांगते, यंदा श्रावण कडक पाळतेय. देवाचं आहे म्हटलं की तो हुज्जत घालत नाही, आईला घाबरतो. लेकीच्या खोलीत झोपते." बॅग उचलताना म्हणाली, "उपवासानेच घोळ घातला, आता तोच निस्तरेल."

त्या दहा-बारा दिवसांत मी तिला मेसेज केला नाही. तिचा फोन कोण बघतं, मला माहीत नव्हतं. गिऱ्हाइकांना माओरीतला नमस्कार, "किया ओरा", म्हणत होते, औषधं मोजत होते आणि दर वेळी दार वाजलं की वर बघत होते. तो परत गेल्यावर ती आली. लांबूनच मान हलवली. श्रावण पाळला गेला होता.

त्यानंतर मी क्लिनिकच्या नर्सशी बोलले. आता त्या प्रत्येक बाईला विचारतात, तुझ्या जोडीदाराची टेस्ट झाली आहे हे तुला माहीत आहे का? लग्न किती वर्षांचं, हे विचारत नाहीत. मराठी आणि हिंदीत माहितीची पत्रकं केली, ती बायकांच्या टॉयलेटमध्ये ठेवली. ती संपतात. कोण नेतं, विचारत नाही. पुकेकोहे गावाहून एका बाईचा फोन आला होता. नाव न सांगता तिने सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. ती डॉक्टरकडे गेली का, मला कळायला मार्ग नाही.

तुम्ही जे तिकडे राहिलात, ते विचारता, परत कधी येणार. तुम्ही जे माझ्यासारखे इकडे आलात, ते विचारत नाही. आई-बाबा आता नाहीत, मिरजेतलं घर दुसऱ्याचं आहे. घर कुठे, याचं उत्तर देताना माझी अजून चुळबुळ होते. मनीषाची नवी टेस्ट परवा झाली. निगेटिव्ह आहे. नवरा पुढच्या महिन्यात येणार आहे, आणि ती रोज गोळी घेते.